आईच्या आवाजातलं ते "हं"

आईला जाऊन तीन आठवडे झाले होते आणि मी शाळेत परत जॉइन झाले. मी प्रायमरीला संगीत शिकवते, पहिली ते चौथी. बाकी विषयाच्या टीचरना निदान फळ्याकडे तोंड करून उभं राहता येतं, मला तोंड उघडून गायचं होतं आणि नेमकं तेच जमत नव्हतं. घरी सकाळी हार्मोनियम काढून बघितली, सा लावला आणि पुढचा सूर घशातच अडकला.

हे असं का होतं ते मी सुट्टीत वाचून काढलं होतं, झोप येत नव्हती तेव्हा दुसरं काय करणार. रडू येतं तेव्हा शरीर जास्त हवा आत घ्यायला स्वरयंत्राचं तोंड उघडं धरून ठेवतं, आणि आवंढा गिळताना ते मिटावं लागतं, या ओढाताणीत घशात गोळा आल्यासारखं वाटतं. गाताना तर स्वरतंतू एकमेकांना नीट टेकायला लागतात. म्हणजे रडू दाबून बोलता येतं एकवेळ, पण गाता येत नाही. हे कळल्यावर जरा बरं वाटलं, मला वाटत होतं माझा आवाजच गेला.

म्हणून मी त्या दिवसासाठी न गाता घ्यायचा तास तयार करून नेला होता. टाळ्या, चुटक्या, दादऱ्याचा ठेका, धा धी ना धा ती ना, एकीला पुढे बोलवायचं तिने ताल धरायचा बाकीच्यांनी मागून वाजवायचं. अगदीच वाटलं तर ओठ मिटून गुणगुणायचं आणि श्वास हळूहळू लांबवर सोडायचा, त्याने धडधड कमी होते. शेजारच्या वर्गातल्या टीचरला सांगून ठेवलं होतं की मी दारात येऊन नुसती उभी राहिले तर पाच मिनिटं माझा वर्ग बघ. ती हो म्हणाली, एकही प्रश्न विचारला नाही.

पहिलाच तास दुसरीचा. आणि मी विसरलेच होते की दुसरीच्या मुलांकडे आईची रेकॉर्डिंग आहे.

झालं असं होतं की मागच्या सत्रात माझा आवाज पार बसला, डॉक्टरांनी आठवडाभर बोलायचं नाही म्हणून सांगितलं, कुजबुजायचंही नाही कारण त्यानेही घशावर ताण येतो. मुलांना नवीन गाणं द्यायचं होतं. मी चाल वहीत लिहून आईपुढे धरली आणि आईने ती फोनवर म्हणून दिली. ती काही गाणं शिकलेली नव्हती पण सुराला पक्की होती. दुसऱ्या ओळीनंतर तिला खोकल्याची उबळ आली, ती दाबून ती "हं" म्हणाली आणि पुढची ओळ सुरू केली. मी तेच पाठवून दिलं, परत कर म्हणायला मला आवाज नव्हता.

मुलांनी गाणं शिकलं ते त्या "हं" सकट. सहा मात्रांचा दादरा त्या ठिकाणी आठ मात्रांचा व्हायचा, तबल्याचे सर वैतागायचे, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा सापडायची नाही. मी दोन महिने त्यांना सांगतेय, अरे ते हं गाण्यात नाहीये, ते काढा. चार दिवस काढायचे आणि परत यायचं.

तर मी वर्गात गेले, टाळ्या सुरू केल्या, आणि पाच मिनिटांत एकाने विचारलं, "टीचर तुमची आई गेली ना? मग परत कधी येणार?"

आता यात त्याचं काय चुकलं? आपणच सगळे "गेली" म्हणतो, आणि गेलेली माणसं तर संध्याकाळी घरी येतात. मरण म्हणजे कायमचं हे बऱ्याच मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळायला लागतं, दुसरीचा वर्ग म्हणजे अगदी त्या उंबरठ्यावर, काहींना कळलेलं काहींना नाही. त्यांच्याशी आडवळणाने बोलू नये, झोपली लांब गेली असं सांगू नये, हे मला माहीत होतं. पण आपल्या आईबद्दल तो शब्द तोंडातून काढणं फार अवघड आहे. मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माझी आई मरण पावली. म्हणजे तिचं शरीर चालायचं थांबलं. ती आता परत येणार नाही."

वर्ग शांत. मग मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मग ती मोबाइलमधे गाते कशी?"

मी म्हटलं, ती जिवंत होती तेव्हाचा आवाज आहे तो, जसा जुना फोटो असतो ना तसा.

"मग लावा ना."

मी नाही म्हटलं. आज नको, मला अजून ऐकवत नाही, ऐकलं की रडू येतं. खरं तेच सांगितलं. त्यांना ते लगेच पटलं, मोठ्या माणसांना पटायला वेळ लागतो तेवढाही लागला नाही. एकजण म्हणाला मग आम्हीच म्हणतो, आणि सुरूच केलं, माझी वाटही बघितली नाही.

मी हार्मोनियमवर सा धरला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि चाळीस पोरांनी एकदम "हं" केलं. आईचंच. तीच जरा खालून वर जाणारी लकेर, तोच अर्धवट गिळलेला खोकला, त्यांनी ते इतकं हुबेहूब उचललं होतं आणि मी इतके दिवस त्याला चूक म्हणत होते. मी रडले, सगळ्यांसमोर, पण भाता सोडला नाही, सा चालू राहिला. पोरं पुढचं कडवं म्हणत राहिली. दोघी-तिघी माझ्याकडे बघत होत्या, बाकीचे गाण्यात. गाणं संपलं तसं कोणीतरी विचारलं टीचर बाथरूमला जाऊ का, आणि दोघांचं फूटपट्टीवरून भांडण लागलं.

मुलांचं दुःख असंच असतं म्हणतात, डबक्यात उडी मारल्यासारखं, आत आणि लगेच बाहेर. मला सुट्टीत सगळ्यांनी त्या शोकाच्या पाच पायऱ्या (नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार) पाठवल्या होत्या, त्या मुळात 1969 साली कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मरणाला टेकलेल्या पेशंटांशी बोलून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी नाही. मला त्यात मी कुठेच सापडत नव्हते. त्यापेक्षा स्ट्रोब आणि शूट या दोन संशोधकांनी 1999 मधे मांडलेलं जास्त जवळचं वाटलं, की माणूस दुःख आणि रोजचं काम या दोन्हींत ये-जा करत राहतो, आणि ती ये-जा हेच सावरणं असतं. वाचलं तेव्हा नुसतं वाचलं होतं, त्या तासाला ते पट्टीचं भांडण सोडवताना मला ते कळलं, गाल ओलेच होते माझे.

पुढचे दोन तास टाळ्यांवर निघाले. चौथीबरोबर एक ओळ गायलेसुद्धा, खालच्या पट्टीत.

रेकॉर्डिंग मी अजून ऐकलेली नाही. दोन ठिकाणी कॉपी करून ठेवलीय.

शाळा सुटताना तबल्याचे सर भेटले, कार्यक्रम जवळ आलाय तर दुसरीचं ते हं काढून घ्यायचं का म्हणाले. मी म्हटलं, सर, राहू दे ते. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग खिशातली वही काढली आणि लिहिलं, दुसऱ्या ओळीनंतर दोन मात्रा थांबणे.