जैसी है, जहाँ है

गेल्या श्रावणात मी इंदूरमधील एका विक्रेत्याकडून सात वर्षे वापरलेली डिझेल गाडी सव्वाचार लाखांना घेतली, तेव्हा मीटरवर 52 हजार किलोमीटर दिसत होते. सराफ्यातल्या खाऊगल्लीत जिलबी घेतानाही कढईत डोकावणारा मी, बॉनेट मात्र उघडून पाहिले नाही. तीन आठवड्यांत क्लच गेला. रामबागेतील आमच्या मेकॅनिकने आतल्या बाजूस चिकटलेली ऑइल बदलल्याची जुनी चिठ्ठी दाखवली. तिच्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि 91 हजारांचा आकडा होता; म्हणजे मीटर मागे फिरवलेले होते.

विक्रेत्याने काही न बोलता पावतीवरील ‘जैसी है, जहाँ है’, म्हणजे गाडी आहे त्या स्थितीत विकली, या ओळीवर बोट ठेवले. ती वाचून मी मुकाट्याने घरी परतलो, हे कबूल केले पाहिजे. क्लच हा झिजणाराच भाग. केवळ त्याच्यासाठी भांडलो असतो, तर फारसे हाती लागले नसते. मीटरचे तसे नाही. मालाच्या दर्जाविषयी खोटी माहिती देऊन तो विकणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि पावतीवरील एका छापील ओळीने ती धुऊन निघते असे मला वाटत नाही. ‘मला मिळाली तशीच दिली’ हे त्याने नंतर दिलेले उत्तर खरेही असेल, पण 52 हजारांचा आकडा सांगून किंमत त्यानेच ठरवली होती.

हीच गाडी शेजारच्या काकांकडून घेतली असती, तर वाट अवघड झाली असती. ते व्यापारी नसल्यामुळे प्रकरण 1872 च्या करार कायद्याखाली दिवाणी न्यायालयात न्यावे लागले असते. व्यापाऱ्याविरुद्ध मात्र आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही.

खरी मेहनत पुराव्याची आहे. चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून जुन्या नोंदी मिळवल्या, विक्रेत्याने पाठवलेली जाहिरात आणि मोबाइलवरचे संदेश जपले, दुरुस्तीआधी छायाचित्रे काढली. आयोगाने तपासणी मागितली तर उपयोगी पडावी म्हणून जुनी क्लच प्लेट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे, आणि बॉनेटखालची चिठ्ठी जागची हलवलेली नाही. विक्रेत्याला स्पीड पोस्टाने पाठवलेल्या नोटिशीची मुदत येत्या गुरुवारी संपते.