ओतून दिलेला पेलेट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी तीन दिवसांचं काम सिंकमध्ये ओतलं. दोन लिटर ई. कोलाय जिवाणू वाढवायचे, फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि ते अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात, १,५०,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट जोराने) तीन तास फिरवायचं. एवढा खटाटोप करून नळीत उरतो पेजेचा थेंब वाळल्यासारखा पुसट पिवळसर डाग, तोच पेलेट. मला तो दिसलाच नाही. नळी उपडी केली, वर टिश्यूने पुसूनही घेतली. शेजारच्या टेबलावरची सीनियर नुसतं "अगं..." म्हणाली.

त्या डागात जिवाणू नव्हते, त्यांनी सोडलेल्या व्हेसिकल, म्हणजे इवल्या गोळ्या, होत्या. ई. कोलायला दोन पापुद्रे असतात. बाहेरचा मध्येच कुठेतरी पुरीसारखा टम्म फुगतो आणि तेवढी गोळी तुटून सुटते, २० ते २५० नॅनोमीटरची. जिवाणू मात्र खुशाल जिवंत. आमचा वाण जुलाबाचा. त्याचं एलटी नावाचं विष म्हणजे कॉलऱ्याच्या विषाचं सख्खं भावंड, पण ते सहसा सुटं फिरत नाही. बाहेरच्या पापुद्र्यावरच्या लिपोपॉलिसॅकराइडला, म्हणजे साखर आणि चरबी जोडलेल्या रेणूला, चिकटून बसतं. म्हणजे गोळी आतूनही विषारी, वरूनही. आतड्याच्या पेशीवर हेच विष आकड्यासारखं अडकतं आणि पेशी आख्खी गोळी गिळते.

कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याचे जिवाणू गाळून काढलेलं पाणी सशाच्या बांधलेल्या आतड्यात टोचलं. आतडं फुगलं! जिवाणू नसले तरी चालतं, विष पुरतं. पण फिल्टरच्या भोकांतून या गोळ्या आरामात जातात. डे यांच्या पाण्यात त्याही असणार, असं मला आपलं वाटतं. कॉलऱ्याच्या जिवाणूच्या भिंतीतून सुटणाऱ्या गोळ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली टिपल्या त्या चॅटर्जी आणि दास यांनी, १९६७ मध्ये. तरी पुढे कित्येक वर्षं बरेच जण त्यांना पेशींचा कचराच समजत होते. मी सिंकमध्ये ओतला तर काय नवल! न्यूझीलंडने मात्र २००४ मध्ये मेंदूज्वराच्या जिवाणूच्या अशाच गोळ्यांची लस मुलांना टोचली.

दुसऱ्या खेपेला मायक्रोस्कोपच्या पडद्यावर भिजवलेला साबुदाणा सांडल्यासारखं दिसलं. सीनियरला हाक मारली, ती डबा तसाच सोडून आली.

हल्ली माझ्या विद्यार्थ्यांकडून नळी रोटरमध्ये (यंत्राच्या फिरत्या चाकात) ठेवण्याआधी तिच्या बाहेरच्या अंगाला मार्करने ठिपका करून घेते. पेलेट तिथेच बसतो, दिसो न दिसो.