शेवटचा गोल कुणी केला?

फुटबॉलच्या मॅचमध्ये कॉर्नरला हेडरसाठी उडी मारली आणि समोरच्या डिफेंडरचं डोकं माझ्या कपाळावर, कोपर नाकावर बसलं. पडले, लगेच उठूनही बसले. शुद्ध गेली नव्हती, त्यामुळे विशेष काही झालेलं नाही असं मी धरून चालले. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला हादरा, बसलेल्या दहापैकी साधारण नऊ जण बेशुद्ध पडतच नाहीत, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

फिजिओताई धावत आल्या. नाकातून रक्त वाहत होतं, पण त्यांनी आधी मान धरली. एकेका मणक्यावर बोट दाबत विचारलं, "इथे दुखतं? हाताला मुंग्या येतात?" एकालाही 'हो' म्हटलं असतं, तर डोकं दोन्ही हातांत स्थिर धरून त्यांनी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मला हलू दिलं नसतं. मग नाक. सवयीने मी डोकं मागे टाकलं, त्यांनी ते पुढे झुकवलं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायला लावला. मागे टाकलं की रक्त घशात उतरतं.

नंतर प्रश्न. कोणता हाफ चालू आहे? मागची मॅच कुणाशी होती? शेवटचा गोल कुणी केला?

गोल मीच केला होता, सहा मिनिटांपूर्वी. मला तो आठवत नव्हता.

"आज तू परत आत जायचं नाहीस," ताई म्हणाल्या. मी भांडले, रडलेसुद्धा. त्या हलल्या नाहीत. मेंदू सावरलेला नसताना दुसरा मार बसला तर तो झपाट्याने सुजून जीवही जाऊ शकतो. फुटबॉलच्या नियमांतही 2024 पासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूची सोय आहे, स्पर्धेने ती स्वीकारली असेल तर.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून मधला पडदा पाहिला. तिथे रक्त साकळलं तर लगेच काढावं लागतं, नाहीतर कूर्चा मरते आणि नाक बसतं. दात आवळायला सांगून जबडा नीट जुळतो का तेही पाहिलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. मला हायसं वाटलं, पण त्यात रक्तस्राव आणि फ्रॅक्चर दिसतं, कन्कशन दिसत नाही.

घरी बहिणीला बजावलं होतं: डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलटी झाली, एकाचे दोन दिसले, फीट आली किंवा उठवूनही उठली नाही, तर थेट हॉस्पिटल. मला वाटलं होतं, आता महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. तो सल्ला जुना झाला. दोन दिवस विश्रांती, मोबाईल जवळजवळ बंद, आणि मग हळूहळू चालणं.

पुढे पायरी पायरीने: सायकल, एकटीने पळणं, धक्का न लागणारे ड्रिल, डॉक्टरांच्या परवानगीनंतर पूर्ण सराव, शेवटी मॅच. प्रत्येक पायरीला किमान 24 तास. पळताना वळले की मैदान माझ्यामागून वळत यायचं, म्हणून दोनदा खालच्या पायरीवर आले. तेच दिवस सगळ्यांत जड गेले. बँडेज नाही, प्लास्टर नाही; "दिसतेस तर अगदी ठणठणीत," असं जो तो म्हणायचा.

सव्विसाव्या दिवशी सरांनी हाताने हलकेच फेकलेला बॉल डोक्याने परत दिला.

तो गोल अजून आठवत नाही. व्हिडिओत पाहिला. डाव्या पायाने मारलाय.