न्हाणीतला दिवा

परवा वायरमन दादांनी न्हाणीतला जुना दिवा उतरवून माझ्या हातात दिला. काचेच्या तळाशी चमचाभर पाणी, त्यात चतुर्थीच्या पावसातली मेलेली पाखरं, होल्डरच्या पितळेवर हिरवा थर. आई रोज पहाटे ह्याच दिव्याखाली आंघोळ करते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आज फोंड्याच्या बाजारात गेले. दुकानदार म्हणाला, "बाथरूमचाच आहे, बिनधास्त घ्या." खोक्यावर लिहिलं होतं आयपी २०. आयपी म्हणजे धूळ-पाणी आत शिरण्यापासून दिवा किती सुरक्षित आहे, ते सांगणारा क्रमांक. त्यातला दुसरा आकडा पाण्याचा, आणि शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही! ४४ असेल तर कुठूनही उडालेले शिंतोडे चालतात, ६५ असेल तर पाण्याची धारसुद्धा. आरशावर ४४ घेतला, शॉवरच्या वर मात्र ६५च. लोखंडी बॉडी नकोच म्हटलं, आपल्या दमट हवेत ती गंजतेच.

दादांनी संध्याकाळी बसवला. वायर आत शिरते तिथलं रबर नीट बसलंय का, हे त्यांनी दोनदा बोट फिरवून पाहिलं. तिथून पाणी गेलं की ६५ नुसतं खोक्यावरच राहतं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, नव्हता; तोही लावून घेतला. टेस्टचं बटण दाबल्याबरोबर खटकन सगळं घर अंधारलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तुमच्या न्हाणीतला दिवाही एकदा उतरवून घ्या, पण मेन स्विच बंद करून, जाणत्या माणसाकडूनच.

आई आत्ताच बघून आली. म्हणते, "उजेड छान आहे गो, कोपऱ्यातलं शेवाळं दिसायला लागलं."