राजीनामे सभासदत्वाचे

नोव्हेंबर 2021. एसटी महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करा, या मागणीचा संप राज्यभर पसरला होता आणि आगारात गाड्या ओळीने उभ्या होत्या. मी आगार सचिव म्हणून संघटनेच्या खोलीत बसून राजीनामे घेत होतो, नोकरीचे नव्हे, सभासदत्वाचे. झेरॉक्स काढलेला एकच मजकूर, खाली पेनाने नाव आणि सही: 'माझ्या पगारातून वर्गणी कपात करू नये.'

ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. 1971च्या मान्यता कायद्यानुसार किमान 30 टक्के कामगार सलग सहा महिने सभासद असतील, तर संघटना औद्योगिक न्यायालयात मान्यता मागू शकते. मान्यता असलेल्या संघटनेनेच वेतन कराराला बसायचं. संपाआधी सभासदांचं मतदान घ्यायचं, 14 दिवसांची नोटीस द्यायची. म्हणजे वाटाघाटीच्या टेबलावरचा प्रत्येक कागद टेबलावर न बसलेल्या माणसाच्या वर्गणीवर उभा असतो. म्हणूनच ते झेरॉक्स मला बोचत होते.

दुपारी एक ड्रायव्हर आला, वीस वर्षांवर नोकरी झालेला. खात्याच्या एका चौकशीत मी त्याच्या बाजूने उभा राहिलो होतो. कागद ठेवून तो निघून गेला नाही, समोर बसला.

"भाऊ, राग तुमच्यावर नाही. पण 2016चा वेतन करार कुठाय, तेवढं सांगा."

करार झालाच नव्हता. 2017च्या दिवाळीत संप झाला, तो उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला. 2018च्या जूनमध्ये मंत्र्यांनी 4849 कोटींची वाढ परस्पर जाहीर केली. त्यावर आमची सही नव्हती.

मी त्याला म्हटलं, "अरे, विलीनीकरण मागतोयस म्हणजे करारच सोडतोयस. सरकारी कर्मचाऱ्याला वेतन आयोग मिळतो, करार नाही. वर्तणुकीच्या नियमांत त्याला संपाची बंदी आहे. 2003मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलंय, सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा हक्क नाही. टेबल एकदा गेलं की परत मिळणार नाही."

"टेबलावर समोर कोण बसतं? त्याच्या हातात काय असतं?"

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आजही पूर्ण देता येत नाही. समोर महामंडळाचे अधिकारी बसतात. भाड्याचा दर मात्र राज्य सरकार ठरवतं. विद्यार्थ्यांच्या, ज्येष्ठांच्या सवलती तेच जाहीर करतं आणि त्यांची भरपाईही तेच देतं. ज्याच्याकडे तिजोरीची किल्ली नाही त्याच्याशी आम्ही मूळ वेतनाच्या टक्क्यांवर रात्री घालवतो. 'सरकारी नोकरांना युनियन कशाला, दिवाळीत लोकांना वेठीला धरता' असं स्टँडवर ऐकतो. खेड्यातल्या माणसाला दुसरी गाडी नसते, हे खरंच आहे. पण वेळेवर खरी वाटाघाट झाली असती तर ती गाडी थांबलीच नसती. आमचे मुंबईतले नेतेही यात दोषी आहेत. सही झाली नाही, हे त्यांनी आगारांत येऊन सांगायला हवं होतं.

24 नोव्हेंबरला सरकारने मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना 5000, दहा ते वीस वर्षांवाल्यांना 4000, वीसच्या वरच्यांना 2500. मी पेन घेऊन बसलो आणि डोकंच धरलं. वेतनश्रेणी म्हणजे शिडी. खालच्या पायरीवर जास्त आणि वरच्या पायरीवर कमी टाकलं की वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्या मूळ वेतनातलं अंतर मिटत जातं. महागाई भत्ता मूळ वेतनावर, त्यामुळे नुकसान दर महिन्याला पुढे चालतं. करार करणारा कुठलाही माणूस हे पहिल्या दिवशीच पकडेल. समोर बसलेल्या त्या ड्रायव्हरच्या वाट्याला सगळ्यात कमी आले.

न्यायालयाच्या आदेशानंतर 2022च्या एप्रिलमध्ये तो कामावर परतला. ही विसंगती मिटायला मात्र सप्टेंबर 2024 उजाडला. गणपतीच्या तोंडावर एसटी संघटनांच्या संयुक्त कृती समितीने संप केला, मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली आणि 5000 वाल्याला 1500, 4000 वाल्याला 2500, 2500 वाल्याला 4000 अशी भर घालून सगळ्यांचे 6500 झाले. म्हणजे तिजोरीची किल्ली असलेला माणूस समोर बसला, तेव्हाच शिडी सरळ झाली. त्यासाठीही आधी गाड्या उभ्या कराव्या लागल्या.

फरकाचा हिशेब कळेना म्हणून तो ड्रायव्हर माझ्याकडे आला. मी सगळा मांडून दिला. सभासदत्वाचा अर्जही पुढे केला. त्याने वाचला, घडी घातली आणि म्हणाला, "पुढच्या कराराला वित्त विभागाचा माणूस बसवा. त्या दिवशी सही करतो." ही मागणी मी वर लेखी कळवली आहे.