एप्रिलच्या उन्हात शिवारात काय बघता?

पाहुणे पक्षी थंडीत येतात हे ठाऊक आहे, पण ऊन तापू लागल्यावर आणि ते परतीला लागल्यावर तुम्ही दुर्बीण घेऊन शिवारात नेमके काय बघता, असे मला वरचेवर विचारले जाते. तुम्हीही विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी त्यांची निघण्याची तयारी बघतो. हौशी मंडळी फेब्रुवारी सरताच कॅमेरे गुंडाळून ठेवतात, तेव्हा बघण्यासारखे पुष्कळ शिल्लक असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पिवळा धोबीच घ्या. हिवाळ्यात तो मळकट पाठीचा, फिकट पोटाचा आणि काहीसा कंटाळवाणा पक्षी असतो. मार्चच्या उत्तरार्धात पाणी दिलेल्या रानात गेलात, तर नरांची पोटे हळदीसारखी पिवळी झालेली दिसतात. मात्र खरी गंमत डोक्यात असते. एकाचे डोके फिकट करडे आणि भुवई पांढरीशुभ्र, दुसऱ्याचे डोके गडद करडे आणि भुवई जवळजवळ नाहीच, तर तिसऱ्याचे काळेभोर. हे एकाच जातीचे उपप्रकार आहेत. पांढऱ्या भुवईचा पश्चिम सायबेरिया व उत्तर कझाकस्तानात, गडद डोक्याचा युरोप-सायबेरियाच्या उत्तरेकडील थंड पाणथळीत, तर काळ्या डोक्याचा बाल्कनपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात वीण करतो. दारे धरणाऱ्याच्या मागेमागे एकत्र किडे टिपणाऱ्या या थव्याची पुढे कशी पांगापांग होणार आहे, ते असे त्यांच्या डोक्यांवरून वाचता येते. (माद्या आणि अर्धवट पिसे बदललेले नर या वाचनात दगा देतात. त्यांची नोंद नुसती ‘पिवळा धोबी’ अशी करावी.)

भोरड्यांची, म्हणजे गुलाबी मैनांची, तयारी पोटापासून सुरू होते. पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असताना त्यांचे थवे झाडावर कलकलाट करीत मधुरस पितात, आणि नीट पाहिले तर कपाळाची काळी पिसे परागांनी माखलेली दिसतात. दिवस मोठा होत चालल्याची खूण शरीराला पटली की स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांची भूक वाढते आणि कातडीखाली चरबी साठू लागते. वजनाच्या मानाने चरबीतून पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, म्हणून लांबच्या उड्डाणाला हाच शिधा परवडतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक भोरड्या मध्य आशियातील गवताळ प्रदेशांकडे निघालेल्या असतात. तिथे टोळ-नाकतोड्यांची पैदास होते त्याच सुमारास दगडांच्या कपारींत त्यांच्या वसाहती भरतात.

आता अवघड भाग. पक्षी आला ही घटना डोळ्यांसमोर घडते, पण तो गेला हे कोणी पाहत नाही. आज बांधावर बसलेला धोबी या मोसमातला शेवटचा होता, हे पुढच्या काही फेऱ्यांत तो दिसला नाही तरच कळते. त्यामुळे आगमनाच्या तारखा उत्साहाने लिहिल्या जातात आणि प्रयाणाच्या राहून जातात. भारतात २००७ साली सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने सामान्य निरीक्षकांकडून हिवाळी पाहुण्यांच्या प्रथमदर्शनाच्या तारखा मागवल्या, त्या मिळण्याजोग्या होत्या म्हणूनच. शेवटच्या दर्शनाची तारीख हवी असेल, तर त्याच वाटेने, शक्यतो सकाळच्या त्याच वेळी, मे उजाडेपर्यंत जात राहावे लागते आणि दिसलेल्या सगळ्या पक्ष्यांची पूर्ण यादी करावी लागते. पूर्ण यादीत धोबी नसेल, तर तो नव्हता असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. निवडक पक्ष्यांच्या यादीवरून तसे काहीच म्हणता येत नाही. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना ‘दिसलेल्या सर्व पक्ष्यांची ही यादी आहे का’ असे विचारतात, ते यासाठीच. रिकाम्या हाताने परतल्यासारखे वाटणाऱ्या या फेऱ्या मला फार मोलाच्या वाटतात, जरी घरच्यांना ते अजून पटलेले नाही.

मे महिन्यात रानाच्या कडेला दक्षिणेकडून आलेल्या नवरंग पक्ष्याची दुहेरी शीळ ऐकू येऊ लागते, आणि त्याच्या मागोमाग आफ्रिकेहून चातक येतो. भोरड्या तर वीण उरकून जुलै-ऑगस्टमध्येच परत येऊ लागतात, त्यामुळे त्यांच्या शेवटच्या आणि पहिल्या नोंदीत जेमतेम तीन-चार महिन्यांचे अंतर पडते.