आज बाकड्यावर

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज दुसऱ्यांदा सिव्हिलला जाऊन आलो. दादू, माझा मुलगा, झोपलाय. खरंच झोपलाय, दाराशी कान लावून श्वासाचा आवाज ऐकून आले. गेले चार महिने रोज रात्री हेच करतेय.

दिवाळीनंतर डबा तसाच परत यायला लागला. एकदा उघडला तर सकाळी मी घातलेली पोळीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती, भाजीवर तेल थिजलेलं. "आवडली नाही का रे?" एवढंच विचारलं, तर दार आपटून आत गेला. मग क्लास बुडायला लागले, आंघोळीला चालढकल, रात्रभर जागरण. रडला असता तर मला लवकर कळलं असतं. तो नुसता चिडत होता, म्हणून आम्ही त्याला उद्धट ठरवलं. या वयात उदासी पुष्कळदा चिडचिडीच्या रूपानंच बाहेर पडते, हे मला आत्ता आत्ता कळलं. त्याला काय काय बोलले मी त्या दिवसांत! आठवलं की घास उतरत नाही.

कुठे जायचं हेच कळत नव्हतं. कॉलेजात विचारलं तर "अकरावीत असं होतंच" म्हणाले. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. एका ठिकाणी 'समुपदेशन' अशी पाटी बघून गेले, तर त्यांनी पैसे घेऊन कल चाचणी केली आणि इंजिनिअरिंगला जाऊ दे म्हणून सांगितलं. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. त्यांचा जीव तुटत होता, त्यांना मी काय म्हणू? ठाण्याच्या नणंदबाई म्हणाल्या, इकडे आयपीएचला घेऊन ये. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली ती मानसिक आरोग्याची संस्था, नाव ऐकून होते. पण साताऱ्याहून दर आठवड्याला ठाणं कसं जमायचं?

शेवटी एका रात्री गच्चीच्या जिन्यात बसून १४४१६ला फोन लावला. मनाच्या त्रासासाठीची सरकारची टेली-मानस फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेली, चोवीस तास आणि फुकट. पलीकडची बाई मराठीत बोलली. मी दादूबद्दल सांगत होते आणि मधेच तिनं विचारलं, "ताई, तुम्ही स्वतः जेवताय का? झोप लागते का?" इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. तिथेच रडू फुटलं.

मग तिनं विचारलं, "जगणं नको वाटतं, असं काही तो बोललाय का?" माझे हातपाय गार पडले. म्हटलं, असलं त्याला कसं विचारू, नसता विचार डोक्यात भरायचा. ती म्हणाली, विचारल्यानं तसं होत नाही, उलट मुलांना सुटल्यासारखं वाटतं. सरळ विचारा, आणि उत्तर आलं की लगेच समजवायला जाऊ नका.

त्याच रात्री त्याच्या गादीच्या कडेला बसून विचारलं. बराच वेळ तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाटतं कधी कधी. रोज नाही."

मी काही बोलले नाही. त्याचा हात धरून बसले, त्यानं काढून घेतला नाही. पुन्हा फोन करून सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याला एकटं सोडू नका आणि दुसऱ्याच दिवशी दाखवा म्हणून बजावलं. ह्यांना उठवलं, रानातली फवारणीची औषधं आणि सासूबाईंच्या गोळ्या कपाटात घालून कुलूप लावलं. किल्ली अजून माझ्या गळ्यात आहे.

सकाळी सिव्हिल. केसपेपर काढून मानसोपचार विभागाबाहेर बसलो. डॉक्टर मॅडमनी आधी त्याला एकट्याला आत घेतलं. मी बाहेर बाकड्यावर, भिंतीवरचं घड्याळ बघत. पंचवीस मिनिटं. माझ्याशी चार महिन्यांत तो एवढा बोलला नव्हता. मनाला लागलं, खोटं कशाला लिहू. पण बाहेर आला तेव्हा खांदे जरा सैल झालेले होते.

मग आम्हाला बोलावलं. ह्यांनी पहिला प्रश्न काय केला, तर "हे कुठे रेकॉर्डवर येणार नाही ना? पुढे नोकरी, लग्न..." मॅडम शांतपणे म्हणाल्या, ही माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आमच्यावर बंधनकारक आहे. आणि म्हणाल्या, तुमचा एकटाच नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक आजार आढळला होता. मी मनात हिशोब केला. साठ मुलांच्या वर्गात चार जण. त्या चौघांच्या आयाही अशाच दाराला कान लावून उभ्या असतील? त्यांतल्या एकीचीही माझी ओळख नाही. बीपी-शुगरचं आम्ही जिन्यात उभ्या राहून बोलतो, हे कुणी बोलत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत. आधी तिथल्याच मानसशास्त्रज्ञांकडे दर आठवड्याला बसायचं, मग बघू म्हणाल्या. काही मुलांना गोळ्या लागतात, तशी वेळ आली तर घाबरू नका, मनानं बंद मात्र करू नका. दृष्टीचं विचारलं तर हसल्या. "आजीला काढू दे, फक्त इथली तारीख चुकवू नका." आणि ह्यांना सांगितलं, महिनाभर घरात मार्कांचा विषय नको. पाळतायत. परवा फीचा हप्ता भरून आले आणि पावती गुपचूप पाकिटात ठेवली. एरवी टेबलावर ठेवली असती, दादूला दिसेल अशी.

आज मात्र मॅडमनी माझीही वेळ लिहून दिली. पुढच्या गुरुवारी त्याच्यानंतर अर्धा तास माझा. स्कूटरवर मागे बसून दादूनं विचारलं, "तू पण आत जाणार?"

"हो."

पोवई नाका ओलांडेपर्यंत गप्प होता. मग म्हणाला, "मग मी बसतो बाहेर बाकड्यावर."